भूगोलाचे सर, व्हिडिओ बंद

५ जुलै २०२१, लाखनी
आजपासून बी.ए. द्वितीय वर्षाचा ऑनलाइन भूगोल. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, त्यामुळे प्राचार्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं: ज्या विषयाला पोरं नाहीत, त्याचे तास दिवाळीनंतर बंद. कॉलेज उघडलं की ते स्वतः वर्गावर येऊन पाहणार. मला काळजी नाही. ही बॅच कोरोनातच दाखल झाली, कॉलेजची पायरीही चढलेली नाही. म्हणजे बिघडलेली नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून तयारी.

६ जुलै
पहाटे झोप लागली होती. हायवेवरचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून खिडकीला गादी टांगली. ज्योत्सना, म्हणजे बायको, आरोग्य केंद्रात नर्स आहे. नाइट ड्यूटीवरून आली आणि विचारते, गादी कायले टांगली? स्टुडिओ आहे, म्हणालो. तिला त्याच गादीवर झोपायचं होतं म्हणे.
स्वतःचा व्हिडिओ बंद ठेवतो. डेटा वाचतो, बनियनवर भागतं. शिवाय ज्ञानाला चेहरा लागत नाही.

१४ जुलै
उपस्थिती नगण्य. प्रतिक्षा नावाच्या विद्यार्थिनीचा फोन आला. म्हणे, सर, गावात रेंजच नाही जी, तलावाच्या पाळीवर तेवढी भेटते. मग सगळे तलावाच्या बांधावर या, मी म्हणालो. नेतृत्व म्हणतात ते हेच. हेमराज नावाच्या पोराला मॉनिटर केला.

१९ जुलै
सगळेच्या सगळे हजर! आणि काय शांतता! कायम नोकरीवाल्यांच्या वर्गातही असं नसतं. प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही, विचारात पडले असणार. शेवटी उत्तर मीच दिलं. बरोबर होतं.

२२ जुलै
धडा: भातशेती. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, कशी करतात ते स्लाइडवर दाखवलं, फोटो व्हिएतनामचा. कोरोनामुळे क्षेत्रभेट नाही, पोरांना बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही, याची खंत वाटते. मागे कोणीतरी रोवणीची गाणी लावली होती. हेमराजच असणार. कल्पक आहे.

२७ जुलै
तास संपला की करमत नाही. हजर असलेल्यांची नावं पुन्हा पुन्हा काढून बघतो. एकही नाव गळत नाही, तरी बघतो. जेवताना दोनदा उठलो. ज्योत्सना म्हणते, पेशंटची नाडी पाहावी तसे पाहून राहिले.

३ ऑगस्ट
आज हट्टच धरला. कोणीही उत्तर द्या, नाहीतर पुढे जाणार नाही. शेवटी एक म्हातारा आवाज आला. प्रतिक्षाची आजी, पार्वताबाई. म्हणाली, पोट्टे-पोट्ट्या सारे रोवण्यात हायेत जी, मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत बांधून पाळीवर मांडून गेले, राखाले मले बसवलं. तुमी बोला, मी आयकून राहिली.
 मग शांतपणे विचार केला. मोबाईल आहेत म्हणजे हजेरी आहे. रोवणी काय, आठवड्यात आटोपेल. प्राचार्यांना कळवण्यासारखं यात काही नाही. पुढचा मुद्दा घेतला. बाई लक्ष देऊन ऐकते. मध्ये एकदाच म्हणाली, थांबा जी, गाय आली.

२ सप्टेंबर
रोवणी कधीच संपली. मोबाईल अजून पाळीवरच. आता निंदण आहे म्हणे. उद्या कडक रागावणार.

३ सप्टेंबर
रागावलो. पार्वताबाई म्हणाली, मी काय केली जी? मीच माफी मागितली.

१८ ऑक्टोबर
परवा कॉलेज उघडतंय! दोन डोसवाल्यांनाच प्रवेश. पोरांच्या गावात लसी ज्योत्सनानेच दिल्या, म्हणून ती पोरांबद्दल मलाच सांगते. प्रतिक्षा म्हणे सुईला फार घाबरते. माझी विद्यार्थिनी आहे, मला माहीत आहे, म्हणालो.
शर्टाला इस्त्री केली. एवढे महिने ऐकलेला आवाज आहे. तोंड उघडताच वर्ग उभा राहील. प्राचार्यांनी ते बघावंच.

२० ऑक्टोबर
वर्ग भरलेला होता, हे नमूद करतो. नमस्कार मंडळी, म्हणालो. कोणी उठलं नाही. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.
मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, काका, लसीचं सर्टिफिकेट तुमालेच दाखवाचं का? नाव वाचलं. प्रतिक्षा. दोन्ही डोस झालेले होते, तसं सांगितलं. मग तिने विचारलं, भूगोलाचे सर कवा येतीन?
ओळखतेस का त्यांना, मी विचारलं. नाही जी, म्हणाली, आमची आजी ओळखते. लय जीव तोडून शिकवते म्हणे.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. येतील, म्हणालो आणि दाराकडे वळलो. प्राचार्य तिथंच उभे होते.