चव आतूनच

३ जानेवारी
निवृत्तीनंतर माणूस गंजतो म्हणतात. मी नाही. आज कोकरू आणलं. सिद्धांत साधा: जनावर जे खातं, तीच चव मटणाला येते. मग मसाला वरून कशाला? आतूनच घालायचा. मेहुण्याचं मटणाचं दुकान आहे, त्याला हसू आवरेना. पैज लागली. मटण गिऱ्हाइकांना पसंत पडलं तर यापुढे त्याच्या दुकानात माल माझा. नाहीतर मी त्याच्या गल्ल्यावर बसायचं. मी बसणार! मोठा आला.
नियम पहिला: लळा लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही, नुसतं ‘नमुना’ म्हणायचं. बायको म्हणाली, घरात एक होता, आता दोन झाले.

१० जानेवारी
लसूण आणि पुदिना सुरू. नमुना माझ्याच हातून खातो, बायकोने घातलं तर तोंड फिरवतो. शास्त्राची जाण आहे.

२२ जानेवारी, सकाळी
मी अंघोळीला गेलो की नमुना दाराबाहेर ओरडत बसतो. मेहुणा म्हणतो, बिथरलेलं जनावर कापलं तर मटण चिवट होतं. म्हणून रोज संध्याकाळी त्याची मान खाजवतो. निव्वळ दर्जासाठी.

९ फेब्रुवारी
मेहुणा न्यायला आला. नमुन्याच्या तोंडाचा वास घेऊन मागे सरला. म्हणाला, भावजी, हा लसणाचा भपका मटणात उतरणार, गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल. वास जाईपर्यंत नुसतं गवत आणि जव घाला. म्हणजे हरलो नाही. मुदतवाढ मिळाली. दोन घास जास्त जेवलो.

२ मार्च
वास गेला. पाठ भरलीय, चरबी बेताची. मेहुणा उद्या येतोय. पैज जिंकल्यात जमा. दुपारचं ताट अर्धं तसंच राहिलं. अपचन असावं.

संध्याकाळी
शेजाऱ्याकडून कोंबड्यांच्या खाद्यातली मासळीची भुकटी आणली होती. डबा उघडा राहिला. नमुन्याने जवात कालवलेली सगळी भुकटी फस्त केली. जवात कशी कालवली गेली कोण जाणे. डबा मीच धरला होता.

३ मार्च
मेहुणा नाक दाबून परत गेला. आता याला माशाचा वास येणार, महिनाभर तरी हात लावायला नको म्हणे. फार हळहळलो.

६ एप्रिल
मेहुणा यायच्या आदल्या दिवशी डबा पुन्हा उघडा राहिला. बायको म्हणाली, अहो, झाकण मी स्वतः घट्ट लावलं होतं. मग नमुन्याकडे बघितलं, आणि डबा माझ्याच हाताशी ठेवून आत गेली.

१८ जून
नमुन्याला शिंगं फुटलीत. कोवळेपणा संपला. मेहुण्याने पैज जिंकली. वर म्हणतो, भावजी, वास गेला की सांगा, खिमा करून तरी खपवू.

१९ जून
गल्ल्यावर पहिला दिवस. एका बाईंनी विचारलं, कोवळं आहे ना हो? काय खायला घालता यांना? उत्तर तोंडपाठ होतं, पण मी सुट्टे पैसे मोजत बसलो. शेवटी मेहुण्यानेच सांगितलं, गवत.
घरी येताना भुकटीचं मोठं पाकीट घेतलं. नमुना फाटकापाशी वाट बघत उभा होता.
प्रयोग चालू आहे.