कुंकवाखालचा तीळ

फुलंब्री, २१ ऑक्टोबर १९७१

ती. अक्कास वच्छलाचा सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. तू पाठवलेलं लुगडं सासूबाईंना जरा शहरी वाटलं, पण लगेच नेसल्या.

यंदाही लक्ष्मीपूजनाला मला पाटावर बसवलं. माझ्या डाव्या तळपायाचा तीळ तुला ठाऊक आहे. मी या घरात आले त्याच आठवड्यात नव्या विहिरीला पाणी लागलं, तेव्हापासून तो लक्ष्मीचा तीळ. सासूबाई त्यावर कुंकू लावून डोकं टेकतात. एवढी माया कुणाला मिळते?

पण अक्का, ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ आता चिंचोक्याएवढा झालाय. कड वेडीवाकडी, अर्धा काळा, अर्धा तपकिरी. कधी रक्तही येतं. कुंकवात ते कुणाला दिसत नाही. मामंजींना सांगितलं तर खुशीनं म्हणाले की लक्ष्मी वाढायलीय. शेजारीण बिब्बा लावू म्हणते. मला फार भीती वाटते.

तुझ्या मायेवर निभावतंय, ती आटू देऊ नको.
तुझी वच्छला

औरंगाबाद, २७ ऑक्टोबर १९७१

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझाच राग आला. लहानपणी काटा मोडला तर गल्ली डोक्यावर घ्यायचीस, आणि आता रक्त आलं तरी गप्प?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले की हा कातडीचा कॅन्सर असू शकतो, तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. मी म्हटलं, तो तर उन्हानं होतो म्हणतात, तळपायाला कुठलं आलंय ऊन? त्यावर म्हणाले की आपल्याकडे हा आजार ऊन लागणाऱ्या जागेपेक्षा तळपायाला, तळहाताला, नखाखालीच जास्त निघतो आणि तिथं कुणी बघत नाही. तिळाचा आकार, कड, रंग बदलला किंवा रक्त आलं की लगेच दाखवायचं. वेळेत काढला तर माणूस वाचतं, अंगात पसरला तर हात टेकावे लागतात. बिब्बा लावायचा नाही, खरवडायचं नाही.

मिळेल त्या एस.टी.नं निघून ये. वाट बघते आहे.
तुझ्यावर रागावूनही तुझीच,
अक्का

फुलंब्री, २६ नोव्हेंबर १९७१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मामंजींपुढं विषय काढला तर कडाडले की लक्ष्मी कापून टाकायची व्हय? हे खाली मान घालून जेवत राहिले. तेव्हापासून मला शेतातही पाठवत नाहीत. मी तिथूनच माहेरी पळेन असं त्यांना वाटतं. तूपभात पानात वाढतात आणि दारात कुणीतरी बसलेलं असतं. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कुणी विचारतं का, तुला कुठं जायचंय म्हणून?

काल मार्गशीर्षातला गुरुवार. सासूबाई कुंकू घेऊन आल्या. मी पाय आधीच धुऊन ठेवला होता. म्हटलं, आज कुंकवाआधी नीट बघा. त्यांनी चष्मा लावला, पाय मांडीवर घेऊन तीळ चाचपला. बोटाला रक्त लागलं, ते पदराला पुसलं आणि उठल्या. कुंकू लावलंच नाही. आता काय होईल, माझा जीव थाऱ्यावर नाही.

देवाला माझं नाव सांग.
वच्छला

फुलंब्री, १४ मे १९७२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तीळ कापल्याची जखम भरली. चालताना जरा लंगडते. कॅन्सर वेळेत निघाला म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली, तरी आजार पसरून जांघेत गाठ येते का ते तपासायला तिकडं यायचंच आहे. सासूबाईंनी कुणाला न विचारता मला एस.टी.त घालून तुझ्या दारात आणलं, तेव्हाचं तुझं तोंड आठवलं की अजून हसू येतं.

इथं मात्र हसण्यासारखं नाही. पाऊस दगा देऊन गेला आणि विहीर आटली. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. आलेला-गेलेला आधी विहिरीत डोकावतो, मग माझ्या पायाकडे बघतो. तीळ गेला तरी मी त्याच पाटावर बसलेली आहे, अक्का.

परवा चार माणसं बसली असता मामंजी बोललेच की लक्ष्मी कापली, पाणी गेलं. सासूबाई चुलीपासून उठून आल्या. म्हणाल्या की साऱ्या गावच्या विहिरी आटल्या, तवा साऱ्या गावच्या सुनांचे तीळ कुणी कापले? मी आत जाऊन रडले.

आणि एक. माझ्या लेकीच्या, सरूच्या तळपायाला बारीकसा तीळ दिसलाय. सासूबाई दर अमावास्येला चष्मा लावून तिचा पाय बघतात. कुंकू तिच्या कपाळाला लावतात.

पाणी नसलं तरी पत्राला ओल असू दे.
तुझी वच्छला