दहा मिनिटांचा अंधार

मंगळवार, दिवेलागणी

सकाळी चहा गाळताना उजव्या डोळ्यापुढं एकदम अंधार आला, दहा मिनिटांत गेलाही. माझा दीर बबन, मोठा शहाणा! म्हणे, "वहिनी, उष्णता हाय. गुलाबजल टाका. आता दिसून राहिलं, तर दवाखाना काहून?" नातीनं ऐकलं नाही, मले गाडीवर बसवूनच नेलं. वाघीण माझी! डॉक्टर म्हणे, गुठळीनं डोळ्याच्या मागच्या पडद्याचं रक्त अडलं होतं. परत अडून राहिलं तर पडदा मरते, गेलेली नजर येत नाही. गोळ्या सुरू झाल्या. गुलाबजल म्हणे! बागेतली मोटर बंद पडली की संत्री सुकतीन म्हणून हाच बोंबलते, अन् डोळ्याले रक्त नको?

आता हे सांगितलं तर शहाण्याचं तोंड उतरलं. "वहिनी, मागच्या आठवड्यात मलेही असंच झालं होतं."

गाढव कुठला! उद्या नातीच्या गाडीवर हाच बसन.