सोमवारचे चार रुपये

सोमवार, ३ नोव्हेंबर १९८६

आजबी तिकीट घेतलं न्हाई! चार रुपये पोस्टात टाकले. मग स्टँडवर गेले, नागनाथच्या लॉटरीच्या टपरीवर दोरीला लटकलेल्या तिकिटांचे चार नंबर हळूच कागदावर उतरवले, आणि घरी येऊन तिघी मैत्रिणींना वाचून दाखवले.

नंबर ऐकूनच धुरपताबाईनं शिलाई मशीन घेतली. "पण दुसऱ्याचे झंपर शिवणार न्हाई बरं का! नुसती पाय मारीत बसणार." कमलबाईला समुद्र बघायचाय. शाळेत पोरांना भूगोल शिकवती, पण गोदावरीच्या पुढं पाणी पाहिलेलं न्हाई. दगडाबाई काय घेणार ते सांगतच न्हाई, नुसती हसती. सासूला झोंबंल असं काहीतरी असंल.

आधी दोन वर्षं खरंच खेळलो आमी. दर सोमवारी चौघींचा एकेक रुपया, चार तिकिटं. माझं घर स्टँडजवळ, म्हणून आणायचं काम माझ्याकडं. एकदा सहज मांडून पाहिलं — गेले चारशेच्या वर, आले तीस! त्याच दिवशी ठरवलं, बंद. तिघींना सांगायचंबी होतं. पण सोमवारी पदर खोचून बसल्या, "नंबर सांग, नंबर सांग" — तोंडच उघडंना. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून हे असं चाललंय. पोस्टाचं पुस्तक तांदळाच्या डब्यात.

पाप हाय का? असंल. पण मजा लय येती.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज एका नंबराच्या शेवटी ७८६ निघाला. चौघींत मुसलमान एकबी न्हाई, पण ऐकून चौघींनी हात जोडले!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भाकरी थापायले होते. धुरपताबाई मागच्या दारातून वरडतच आली — "लागली! शांतम्मे, लागली! सातशे शहाऐंशीवाली! पन्नास हजार!" तिच्या मागं दगडाबाई, कमलबाई.

भाकरी जळाली.

"पेपरात पाहिलं का?" मी विचारलं.

"माझ्या डोळ्यानं पाहिलं," कमलबाई म्हणली. "शाळेतला पेपर हेडमास्तर घरी घेऊन गेले, न्हाई तर आणलाच असता."

"तिकीट कुठं हाय?" धुरपताबाईनं विचारलं.

"देवघरात." आपोआप तोंडातून निघालं!

"मग दाखव की," दगडाबाई.

म्हणलं, आंघोळ झाल्याबिगर हात लावणार न्हाई. दुपारचे बारा वाजले होते!

मालकांना दुकानात ऐकू गेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मन्मथअप्पा माझ्याकडं बघून असे कधी हसले न्हाईत. किराणा तसाच उघडा टाकून बाजारात पेढे वाटून आले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळीच टपरीवर गेले. "नागनाथ, ते ७८६वालं कुणी नेलं रे?"

"याद न्हाई अक्का. कारखान्याकडं जाणारं कुणीतरी असंल."

"निकालाचा पेपर दाखव."

"शेजारच्या हाटेलवाल्यानं त्याच्यात भजे बांधून दिले की!" मेला माझ्याकडं बघंना, फळकुट पुसत बसला.

आता काय सांगू? उंदरानं खाल्लं? दगडाबाईच्या शेळीनं खाल्लं म्हणावं, तर बिचारीचं पोट फाडून बघतील. पाटल्या, बोरमाळ सगळं मोडलं तरी पाच हजार होत न्हाईत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मालक विचारायलेत, "आपल्या वाट्याला साडेबारा हजार. दुकानाला काचा लावू का?"

रविवार, १६ नोव्हेंबर

तिघींना बोलावलं. कडी लावली. पोस्टाचं पुस्तक मधी ठिवलं आणि एका दमात सांगून टाकलं — तिकीट न्हाई. पाडव्यापासून एकबी घेतलं न्हाई. आता काय करायचं ते करा.

धुरपताबाई फिस्सकन हसली. मग दगडाबाई. मग तिघी एकमेकींच्या अंगावर पडायल्या! काही लागलंच नव्हतं! दोन महिन्यांपूर्वी नागनाथनंच चुगली केलेली — अक्का नुसते नंबर लिहून नेतेत. मग तिघींनी हे सोंग रचलं, त्यालाबी सामील केलं.

मलाबी हसू आलं. तेवढ्यात कमलबाईनं पुस्तक उघडलं. तीनशे चाळीस रुपये. तिचं हसू थांबलं.

"आमाला वाटलं, तू खाल्लेस."

खाल्ले! दोन महिने माझ्या हातचा चहा पिऊन मनातल्या मनात मला चोर म्हणायल्या होत्या! म्हणलं, उठा. तिघी खाली बघत उठल्या.

मालकांना खरं सांगितलं. आधी गल्ल्यातले पैसे मोजले. मग म्हणले, "त्या पेढ्यांचं काय?"

सोमवार, १७ नोव्हेंबर

कुणी आलं न्हाई. चहा एक कप केला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कमलबाई आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी. "खोटं तूबी बोललीस, आमीबी बोललो. तुझं दीड वर्षाचं, आमचं तीन दिवसांचं. पण तुला चोर समजलो, ते चुकलं."

आधण ठिवलं. बघते तर उरलेल्या दोघी भिंतीआड कान लावून उभ्या! चार कपाचं आधण केलं.

ठरलं ते असं — तिकीट कधीच घ्यायचं न्हाई. रुपया पोस्टात. हजार झाले की चौघी समुद्राला. मालक लोकांना गाडीत बसल्यावर कळवायचं! पण नंबर मात्र दर सोमवारी आणायचेच. "नंबराबिगर चहा उतरत न्हाई," धुरपताबाई म्हणली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नंबर आणले. चांगला बघून निवडायचा म्हणून एक तिकीट हातात धरून उभी राहिले, तर नागनाथ वरडला — "अक्का, घ्यायचं न्हाई तर मळवू तरी नका!"

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पेपर आला. यावेळी खरा. मी तीनदा वाचला, कमलबाईनं चष्मा लावून वाचला. आमच्या सोमवारच्या चार नंबरांतला एक — दुसरं बक्षीस, पंचवीस हजार!

ते तिकीट विकलंच गेलं नव्हतं. टपरीवर पडून राहिलं, नागनाथलाच लागलं. आत्ताच पेढे घेऊन आला. म्हणतो, "अक्का, तुमी लय येळ धरून उभ्या होता. तुमच्या मागं उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं तुमीच घेतलं, म्हणून त्यानं दुसरं नेलं."

चौघींनी एकेक पेढा उचलला. दगडाबाईनं दोन.

मालक दारात उभं राहून विचारायलेत, "हे पेढे तरी खरे हाईत का?"