पंधरावं टेबल

सोमवार, ३ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून ऑफिसची ऑब्जेक्ट लायब्ररी साफ करायला सांगितली. म्हणजे ड्रॉइंगमध्ये उचलून टाकायची तयार दारं, खुर्च्या, कमोड, झाडं. बारा वर्षांत ज्याने त्याने कोंबलेला माल, एकूण ६,२१४. माझी चालू कामं नव्या मुलीकडे दिली, मला भार नको म्हणून. असलं काम ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. सीनियर करणार, नक्की. रोज पाचशे उडवायचे.

मंगळवार, ४ जून
झाले ३१. एकाच खुर्चीच्या चाळीस प्रती. खुर्ची नवी, खुर्ची फायनल, खुर्ची फायनल खरी. कोणती ठेवायची यात दिवस गेला. उद्यापासून सहाशे.

गुरुवार, ६ जून
वापरात नसलेलं (असं मला वाटलेलं) सगळं एका झटक्यात डिलीट. १,९०० गेले. दुपारी नवी मुलगी आली. हॉस्पिटलच्या प्लॅनमध्ये कमोडच्या जागी नुसते ठिपके दिसतात म्हणे. ऑब्जेक्ट सापडला नाही की सॉफ्टवेअर ठिपका दाखवतं. तिला समजावलं, झाडू मारताना थोडी धूळ उडायचीच. कमोड परत ठेवले. आभार मानले नाहीत तिने.

मंगळवार, ११ जून, सकाळी १०.४०
ऑफिस पुढच्या महिन्यात नव्या जागेत. नव्या मुलीने केलेला बसण्याचा लेआउट लायब्ररी तपासायला म्हणून उघडला. आम्ही पंधरा जण, टेबलं चौदा, प्रत्येकावर नाव. माझंच नाही. माझ्या डिलीटमध्ये गेलं असणार. जागेवर ठिपकासुद्धा नाही, हे मात्र विचित्र. खिडकीजवळ एक टाकून सेव्ह केलं.

बुधवार, १२ जून
पुन्हा चौदा. लायब्ररी रीलोड केली, टेबल टाकलं. जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, आधी साहेबांना विचारा. हिला सॉफ्टवेअरमधलं काय कळतंय!

शुक्रवार, १४ जून
चौदाच. माझ्या जागी आता झाडाची कुंडी. बग गंभीर आहे. कुंडी मीच साफ केलेल्यांपैकी, बसलीय छान. नव्या मुलीला विचारलं, तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, सर, साहेबांशी बोला ना. डोळे लाल होते. एसीचा त्रास असावा.

सोमवार, १७ जून
साहेब स्वतः जागेवर येऊन विचारून गेले, कधी संपेल. कामात एवढा रस घेणारा साहेब मिळायला नशीब लागतं. म्हटलं, महिनाअखेर. म्हणाले, बरोबर बसतंय. काय बसतंय ते विचारायचं राहिलं.

शुक्रवार, २८ जून, संध्याकाळी ५
लायब्ररी साफ. ८४० ऑब्जेक्ट, डुप्लिकेट एकही नाही. साहेबांना सांगायला गेलो, त्यातच टेबलाच्या बगचंही बोललो. पेनला टोपण लावत म्हणाले, बग नाही, टेबल मीच काढायला सांगितलं. मग माझ्या बारा वर्षांबद्दल बरंच चांगलं बोलले. आज शेवटचा दिवस धरायचा. मी विचारलं, मग लायब्ररी कोण सांभाळणार? म्हणाले, तुम्ही इतकी नीट करून ठेवलीत की आता कुणी लागणार नाही.

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. हिला फोन लावला, पण सांगणं जमलं नाही. सोमवारी डबा करायचा ना, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो.