शेवंतीच्या कौलाबाबत

मी, लवू बाबल गुरव, वय एकोणऐंशी, राहणार मौजे आंबेखोल, तालुका वेंगुर्ले, श्री देवी भगवतीचा पिढीजात पुजारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेवढे धाडस नव्हते.

१. देवळातली माझी पूजेची पाळी पुतण्या सूर्यकांत याने चालवावी. सहाण, ताम्हन, फुलांची परडी आणि फुले काढायची आकडी त्याला द्यावी. अट एकच. प्लॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेले बाजारी हार देवीला घालू नयेत. मी बोललो की म्हणतो, "काका, देवीक चलता, तुमकाच चलना नाय." देवी बोलत नाही म्हणून तिच्या नावावर काहीही खपते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? त्याचा खुलासा कलम चारमध्ये आहे.

२. शेजारीण द्रौपदी परब माझ्या परसातली फुले गेली बावीस वर्षे रोज सकाळी चोरते. चोरलेल्या फुलांचे पुण्य झाडाच्या मालकाला मिळते असे म्हणतात, म्हणून मी तिला अडवले नाही, असे मी सगळ्यांना सांगतो. खरे कारण वेगळे आहे. तिने कुंपणाच्या वाटेतले बेडे सरकवले की घराजवळ कुणीतरी आले असे वाटते. पत्नी गेल्यापासून दिवसातला पहिला आवाज तोच, आणि पुष्कळदा शेवटचाही. तिचा चोरीचा हक्क पुढे चालू ठेवावा. फक्त जास्वंदीच्या मुक्या कळ्या तिने खुडू नयेत.

३. राहते घर, परसातली बेल, जास्वंद, प्राजक्त, पिटकुळी ही झाडे आणि वृंदावनातली तुळस मुलगी शेवंती हिला द्यावी. पोस्टात जे काही असेल तेही तिचेच. सूर्यकांतने तुळशीवरून वाद घालू नये. तिला पाणी घालताना मी त्याला एकदाही पाहिलेला नाही.

४. आता जे लिहायचे, त्यासाठीच हा सारा खटाटोप.

एकतीस वर्षांपूर्वी अनंत मेस्त्री याने पालखीचा मोडलेला दांडा नवीन करून दिला. त्या कामाच्या दिवसांत त्याचे आणि शेवंतीचे जमले. मुलगा गुणी, पण सुताराचा. भावकी पूजेची पाळी काढून घेईल, या भीतीने माझी झोप उडाली. नाही म्हणायला तोंड होईना. मी म्हटले, देवीला विचारू, ती सांगेल तसे.

शिमग्याआधी दोन्ही घरच्यांसमोर मी कौल लावला. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पिटकुळीची एकेक कळी पाण्याने चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी उजव्या कळीला पाणी नव्हते, फणसाचा चीक होता. मी लावलेला.

डावी पडली. शेवंती रडली नाही. म्हणाली, "बाबा, देवीनच नको म्हटल्यान, मगे तुमच्याशी कित्याक भांडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाभाऱ्यात मी एकटा होतो. नुसत्या पाण्याने तोच कौल पुन्हा लावला. उजवी कळी पडली. ती उचलून मी निर्माल्यात टाकली, घंटा वाजवली आणि पूजा उरकली.

महिन्याभरात तिला बेळगावकडे दिली. जावई वाईट नाही. पण शेवंती त्यानंतर देवळाची पायरी चढलेली नाही. आईच्या श्राद्धाला येते, परसात बसते, दुपारच्या गाडीने जाते. दरवर्षी वाटते, आज सांगू. दरवर्षी मी तिच्या ओंजळीत फक्त प्राजक्ताची फुले घालतो. गावातच राहिली असती ती मुलगी मी लोकलाजेपायी लांब धाडली, आणि आता फुलचोर बाईच्या पावलांची वाट बघतो. केले तसे भरले. पण जी देवी तिला हो म्हणाली होती, तिच्याकडे पोरीने पाठ फिरवली, हे पाप फार जड आहे.

साक्षीदार अनंतच असावा असा हट्ट मी धरला. हे कलम त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "गुरवकाका, आता ह्यां माका कित्याक सांगतास? माजी नातवंडां शाळेत जातत." आणि पेन मागितले. मी पाया पडायला वाकलो तर त्याने मला धरले, पण तोंडाकडे पाहिले नाही.

५. सुतक फिटल्यावर कलम चार शेवंतीला मोठ्याने वाचून दाखवावे, देवळाच्या पायरीशी. मग आत जायचे की नाही ते तिने बघावे. आपल्या गावात काही अडले की कौल लावायची सवय आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बापाला माफ करावे की नाही, याचा कौल कुणीही लावू नये. देवीला पुन्हा मध्ये घालू नये. ते शेवंतीने स्वतःच्या मनाने ठरवावे, आणि नकार आला तर तो खरा धरावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि एकही शब्द खोडलेला नाही.

लवू बाबल गुरव (सही)

साक्षीदार:
१. अनंत शिवराम मेस्त्री (सही)
२. डॉ. माधव केळुसकर (सही)

(द्रौपदीलाही सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकील म्हणाले.)

आंबेखोल, ४ एप्रिल २०१९