नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी

शिनोली

प्रिय सुंदरे,

पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळे धडधाकट आहेत. अक्षर माझं अजून चौथीतलंच आहे, तेवढं सांभाळून घे. मोठी बातमी म्हणजे यांना श्रावणबाळची पेन्शन सुरू झाली. पासष्ट पुरी झाली ना! साऱ्या आळीत पेढे वाटले, आणि आता बँकेत जायला इस्त्रीचा सदरा लागतो. एवढा थाट तर लग्नातही नव्हता, बाई!

पण तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही. आदल्याच दिवशी तू फोनवर हसत सांगितलंस, तुझा अर्ज परत आला, आधारवर वय त्रेसष्टच आहे, दोन वर्षं थांबा म्हणाले. मला एका शब्दानं बोलली नाहीस. अगं, शिव्या तरी द्यायच्यास!

आठवतं ना, मी यात्रेला माहेरी आले होते आणि पिंपरी पेंढारच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं? आपल्यात बायको नवऱ्याहून मोठी म्हणजे केवढं आक्रीत! लग्न जमवताना आईनं माझी चार वर्षं गिळली, तीच मी शिबिरातही गिळली. माझं मी काहीही करीन. पण आपण एका वर्गातल्या, तुझं वय खरं लागलं तर माझं बिंग फुटेल, म्हणून गळ्याची शपथ घालून तुलाही चार वर्षं कमी सांगायला लावली. तेव्हा दाजी होते, तुझं बरं चाललं होतं. आता तू एकटी, दुखरे गुडघे घेऊन लोकांच्या टोमॅटोच्या तोडणीला जातेस, आणि दोन वर्षांपूर्वीच मिळायची ती तुझ्या हक्काची पेन्शन माझ्या मिरवण्यापायी अडलीय. लई लाज वाटते गं.

परवा जेवताना यांना सगळं सांगून टाकलं. हा माणूस भाकरी मोडत म्हणतो कसा, मला मांडवातच ठाऊक व्हतं, तुझ्या मामानंच सांगितलं. तू एवढी जपत व्हतीस म्हणून गप बसलो. अठ्ठेचाळीस वर्षं! मी आधी रागावले, मग दोघं हसत सुटलो.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण मला लिहूनच द्यायचं होतं. सोमवारी आम्ही दोघं पहिल्या एस.टी.नं येतोय. शाळेच्या रजिस्टरात आपली नावं जन्मतारखेसकट एकाखाली एक आहेत. दोघींचे उतारे काढू, आधार दुरुस्त करू आणि तुझा अर्ज पुन्हा टाकू. वय चुकलंच कसं असं कुणी विचारलं, तर हे पत्र खुशाल पुढं कर. चावडीवर मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

तुझीच,
कुशा
वय वर्षे सदुसष्ट

वरील मजकूर खरा आहे.
साक्षीदार: गेणू, कुशाचा नवरा
वय वर्षे पासष्ट